दारू सुटली, आता सभा गाठा

मुंबईत महापालिकेच्या शाळा सुटल्या, शिपायाने फाटक ओढून घेतलं, की काही शाळांमधला एखादा वर्ग संध्याकाळी पुन्हा उघडतो. तिसरी-चौथीच्या मुलांच्या बाकांवर पन्नाशीची माणसं गुडघे दुमडून बसतात. फळ्यावर दुपारचे पाढे तसेच असतात, त्यावर एक कापडी फलक टांगला जातो. दाराशी कुणीतरी उभं असतं. आत जावं की मागे फिरावं, या विचाराने जिन्यावर घुटमळणारा माणूस त्याला बरोबर ओळखता येतो, कारण एके काळी तोही तिथेच घुटमळलेला असतो. ही दारू सोडू पाहणाऱ्यांची, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सभा. सगळे नुसतं ‘एए’ म्हणतात, सभेला ‘मीटिंग’. चर्चचा हॉल, इस्पितळातली मागची खोली, एखाद्या संस्थेचं कार्यालय अशा जागीही ती भरते.

आपल्याकडे ‘दारू सोडवणं’ याचा अर्थ ‘अ‍ॅडमिट करणं’ असा झाला आहे. नातेवाईक पैसे गोळा करतात, महिनाभर माणसाला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवतात आणि तो घरी आला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. केंद्रात तो प्यायला नाही यात नवल नाही. तिथे दारू मिळतच नव्हती. घरी आल्यावर नाक्यावरचा बार जागच्या जागी असतो, पगाराची तारीख येते, मावसभावाची हळद येते, थर्टी फर्स्ट येतो. ‘आता सुटली ना? मग एखादा पेग घेतला तर काय होतंय?’ म्हणणारे दोस्तही हजर असतात. केंद्रातले दिवस ही पूर्वतयारी. दारूशिवाय जगायचा सराव घरी आल्यावरच सुरू होतो आणि त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा जाता येईल अशी घराजवळची जागा लागते. माझ्या मते केंद्र निवडताना आपण जेवढी चौकशी करतो, तिच्या निम्मी जरी या जागेची केली, तरी पुष्कळ पैसा आणि पुष्कळ मनस्ताप वाचेल.

केंद्रात दाखल होणारेही थोडेच. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीनुसार देशात दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले लोक सुमारे ५.७ कोटी आहेत. त्यांतले जवळपास २.९ कोटी दारूवर पुरते अवलंबून आहेत. या अवलंबून असलेल्यांत कुठला ना कुठला उपचार मिळाला असं सांगणारा ३८ जणांमागे एक आणि दाखल होऊन उपचार घेतलेला १८० जणांमागे एक निघाला. इतक्यांना पुरतील एवढ्या खाटा कुठल्याही सरकारला घालता येणार नाहीत. संध्याकाळी उघडणारा शाळेचा वर्ग मात्र फुकट असतो.

आधी एक इशारा, कारण इथे चूक झाली तर ती जिवावर बेतते. अनेक वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने उत्साहाच्या भरात एका दिवसात दारू बंद करून थेट मीटिंग गाठू नये. शेवटचा पेला घेतल्यानंतर काही तासांतच हात थरथरायला लागतात, दरदरून घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत हे कळेनासं होतं. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. योग्य औषधं देऊन हे दिवस सुखरूप पार पाडणं डॉक्टरांना जमतं आणि जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात त्याची सोय असते. दारूची सवय सोडवणारी म्हणून जी गोळी ओळखली जाते, ती डायसल्फिराम, चहात किंवा भाजीत चोरून घालणं तितकंच घातक. तिच्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती रिक्षांच्या पाठीवर आणि बसस्थानकांच्या भिंतींवर सर्रास दिसतात. त्यांच्या पुड्यांत काय असतं ते कुणी सांगत नाही. नकळत दारू सोडवता येत नाही, एवढं पक्कं.

आता ही सभा मुळात आली कुठून ते पाहू. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी धंद्याच्या कामासाठी आला होता. व्यवहार फसला. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते, खिसा रिकामा होता आणि हॉटेलच्या बारमधून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. त्याने बारऐवजी टेलिफोन गाठला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली. त्याला गाठायचा होता आपल्यासारखाच एखादा दारुडा, कारण तशाच माणसाशी बोललं की आपली तल्लफ ओसरते हे त्याच्या ध्यानात आलं होतं. या खटपटीतून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. स्मिथ बायकोच्या आग्रहाने आणि जास्तीत जास्त पंधरा मिनिटं बसायच्या बोलीवर आले होते. बोलणं रात्री अकरापर्यंत चाललं. नंतर डॉक्टर एकदा घसरले, पुन्हा प्यायले. त्यानंतर एका शस्त्रक्रियेच्या सकाळी हात स्थिर राहावेत म्हणून विल्सननेच त्यांना बिअरची एक बाटली दिली, असं सांगतात. ती त्यांची शेवटची. एए १० जून १९३५ हा आपला स्थापनादिवस मानते. डॉक्टर १९५० मध्ये वारले, तोवर त्यांनी पुन्हा दारूला हात लावला नाही.

या गोष्टीत उपदेश करणारा कुणी नाही, हे महत्त्वाचं. विल्सन डॉक्टरांना सुधारायला गेला नव्हता, स्वतःला सांभाळायला गेला होता. एएची सगळी रचना यावर उभी आहे. म्हणून तिथे पगारी समुपदेशक नसतो आणि फीही नसते. सभा संपताना थैली फिरते, ज्याला जमेल तो पाच-दहा रुपये टाकतो. नव्याने आलेल्याने काही टाकावं अशी अपेक्षा नसते. बाहेरच्या देणग्या एए घेत नाही, मग देणारा आमदार असो की औषध कंपनी. अट एकच, दारू सोडायची इच्छा. गंमत अशी की १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार आपल्या राज्यात दारू पिण्यासाठी परवाना लागतो. इथे मात्र नोंदवहीदेखील नाही.

एए भारतात मुंबईमार्गे रुजली ती १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि तिचं भारतातलं मध्यवर्ती कार्यालय आजही भायखळ्याला आहे. सुरुवातीला सभा इंग्रजीत आणि बहुतेक चर्चच्या आवारात होत, त्यामुळे ‘हे ख्रिस्ती लोकांचं काहीतरी आहे’ असा समज बराच काळ टिकला. पुढे मराठी आणि हिंदी गट निघाले, गोव्यात कोंकणी निघाले. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन ही व्यसनमुक्ती संस्था सुरू केली. स्वतः दारूतून बाहेर आलेल्या या धर्मगुरूने एएच्या बारा पायऱ्यांना, म्हणजे दारूपासून दूर राहण्याच्या तिच्या टप्प्याटप्प्याच्या कार्यक्रमाला, अय्यंगार योगाची जोड दिली. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मदत होती. अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेली लेखमाला वाचून ते दोघे अस्वस्थ झाले होते. मुक्तांगणने एक गोष्ट फार लवकर ओळखली: माणूस घरी गेल्यावर त्याचं काय होतं, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून पुण्याबाहेरच्या अनेक शहरांत त्यांच्या पाठपुराव्याच्या बैठका होऊ लागल्या. तुमचा माणूस तिथे कधीच दाखल नव्हता तरीही अशा बैठकीची चौकशी करायला हरकत नाही.

तर सभा शोधायची कशी? केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ ही आहे, फोन फुकट लागतो. मानसिक आरोग्यासाठीची टेली मानस सेवा १४४१६ वर मिळते. एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर शहरवार माहिती असते. याखेरीज जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात जे समाजसेवक असतात, त्यांना विचारा. डॉक्टरपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं, कारण रुग्णाच्या मागे लागून त्याला सभेला धाडणं हे त्यांचंच काम. मुंबई, वसई, गोवा या पट्ट्यात चर्चच्या फलकावर सभेचा वार आणि वेळ लिहिलेली आढळते.

पत्ता मिळाला की लगेच रिक्षा करू नका. आधी फोन करा. सभांच्या जागा बदलत असतात. परीक्षा आल्या की शाळा मिळत नाही, निवडणूक आली की त्याच वर्गात मतदान केंद्र होतं, गणपतीत हॉल मंडळाला दिलेला असतो. जुन्या यादीवर विसंबून एखादा बिचारा मोठ्या हिमतीने जातो आणि कुलूप बघून परततो. मग पुन्हा ती हिंमत गोळा व्हायला सहा महिने लागतात, आणि परतीच्या वाटेवर बार असतोच. फोनवर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. सभा कुठल्या भाषेत असते? खुली आहे की बंद? आणि फाटकाशी कुणी भेटेल का? बंद सभेत फक्त ज्यांना स्वतःला दारूचा प्रश्न आहे तेच बसतात. खुल्या सभेला बायको, भाऊ, विद्यार्थी, पत्रकार, कुणीही जाऊ शकतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमीच ‘हो’ असतं. एखाद्याला एकट्याने यायला जमत नसेल तर एएचे दोन सभासद त्याच्या घरीही जातात. दोघं अशासाठी की समोरचा प्यायलेला असला तर एकट्यावर प्रसंग नको.

तालुक्याच्या गावाची अडचण वेगळी. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. मास्तर सभेला गेले की दुसऱ्या दिवशी शाळेत कुजबुज होणार, ही भीती खोटी नाही. यावर लोक काढतात तो मार्ग साधा आहे, शेजारच्या तालुक्याची सभा गाठायची. तिथेही ओळखीचा चेहरा भेटला तर तो ज्या कारणासाठी आला त्याच कारणासाठी तुम्ही आलात, तो कुणाला सांगणार? करोनाच्या काळात सभा ऑनलाइन भरू लागल्या आणि पुढेही अनेक चालू राहिल्या. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्या भाषेत बोलायची सोय त्यामुळे घरबसल्या झाली. तरी माझं मत विचाराल तर ऑनलाइन ही आडवेळची सोय समजावी. मोबाइलच्या पडद्यावर कॅमेरा बंद करून पिताही येतं. समोरासमोर बसलेल्यांना तोंडाचा वास येतो.

सभा साधारण तास-दीड तासाची. वेळेवर सुरू होते, वेळेवर संपते, आपल्याकडच्या सभांमध्ये हे विरळाच. एक जण सूत्रं सांभाळतो, पण तो अध्यक्ष नव्हे, पुढच्या वेळी दुसरा कुणी असतो. सुरुवातीला एएची भूमिका वाचली जाते, एक छोटी प्रार्थना होते. मग शेअरिंग. बोलणारा फक्त पहिलं नाव सांगतो आणि पुढे जोडतो की मी मद्यपाशी आहे. बाकीचे त्याच्या नावाने त्याला नमस्कार करतात. मग तो आपली गोष्ट सांगतो: काय होतं, काय घडलं, आज कसं आहे. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, ‘तू असं करायला हवं होतंस’ म्हणत नाही. आपल्या घरात, नात्यात, पंचायतीत सल्ल्याचा जो पाऊस पडतो, त्यात भिजून आलेल्या माणसाला हे नवीन असतं. बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकलं, मुलीच्या शाळेत झिंगून गेलो, बापाच्या तेराव्यालाही प्यायलो, असं एकेक बाहेर येतं आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाचाही चेहरा बदलत नाही. उलट अधूनमधून हशा पिकतो. पहिल्यांदा गेलेल्याला त्या हशाचाच धक्का बसतो. नंतर कळतं की हसणाऱ्या प्रत्येकाने तेच केलेलं असतं.

तुम्हाला बोलायचं नसेल तर ‘आज फक्त ऐकणार’ म्हटलं की पुरे. ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, हा नियम मात्र सर्वांना. सभेनंतर चहा होतो, आणि जुने सभासद सांगतील की खरी सभा तिथेच होते. नव्याला कुणी आपला नंबर देतो, ‘प्यावंसं वाटलं तर पिण्याआधी फोन कर, रात्री दोनलाही’ असं बजावतो. पुढे सवड बघून नवा माणूस एखाद्या जुन्याला आपला ‘स्पॉन्सर’ होशील का म्हणून विचारतो. स्पॉन्सर पैसे देत नाही. तो बारा पायऱ्या चढताना सोबत असतो आणि फोन उचलतो. एखाद्याला सोबर राहून वर्ष झालं की त्याचा ‘बर्थडे’ करतात, केक कापतात. साठीच्या गृहस्थाचा दुसरा वाढदिवस साजरा होताना त्याची नातवंडं टाळ्या वाजवत असतात. ‘आयुष्यभर पिणार नाही’ अशी शपथ इथे कुणी घेत नाही. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथा सगळ्यांनी मोडलेल्या असतात. इथे बोली फक्त आजच्या दिवसाची.

देवाचं काय, हा प्रश्न मराठी माणूस हमखास विचारतो, त्यातही विवेकवादी विचारांचा असला तर जरा तावातावाने. बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे, पण ‘आपापल्या समजुतीप्रमाणे’ या मोकळिकीसह. कुणाचा विठ्ठल असतो, कुणाला तो समोर बसलेला गट वाटतो. नास्तिकही वर्षानुवर्षं येतात. तरीही ज्यांना हे मुळीच पटत नाही त्यांनी मुक्तांगणसारख्या संस्थांच्या पाठपुराव्याच्या बैठका किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडची गटचर्चा धरावी. गोव्यात संगत संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून समुपदेशन करून पाहिलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी अपायकारक पिण्यातून बाहेर आलेले ३६ टक्के होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ते २६ टक्के. हा प्रयोग अजून पूर्ण अवलंबून न झालेल्यांसाठी होता, हे ध्यानात ठेवावं.

एएचा उपयोग खरंच होतो का? पुष्कळ वर्षं याचं उत्तर ‘ज्याला झाला तो सांगतो, ज्याला नाही झाला तो येत नाही’ इतकंच होतं. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ रुग्णांची माहिती एकत्र पाहिली. एएशी पद्धतशीर जोडून दिलेल्यांपैकी वर्षभराने सुमारे ४२ टक्के पूर्ण दारूमुक्त होते, इतर मान्य उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के. म्हणजे फरक आहे, पण जादू नाही. हे अभ्यास बहुतांश अमेरिकेतले आहेत. आणि या आकड्यांची दुसरी बाजूही वाचावी: निम्म्याहून अधिक लोक वर्षभरात घसरलेच. सभेत याला ‘स्लिप’ म्हणतात. स्लिप झालेल्याला कुणी हाकलत नाही. तो पुन्हा येऊन बसला की त्याचा पहिला दिवस नव्याने मोजतात. घरच्यांनी एवढं शिकलं तरी खूप आहे.

घरच्यांचा विषय निघालाच आहे तर: बहुतेक वेळा फोन करणारी बायको किंवा आई असते आणि पिणारा ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत असतो. त्याने यायला नकार दिला तरी तिने थांबायचं कारण नाही. विल्सनची पत्नी लोइस हिने पुढाकार घेऊन १९५१ मध्ये कुटुंबीयांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना काढली, तिच्या सभा आपल्याकडेही होतात. मुक्तांगणमध्ये पत्नींचा ‘सहचरी’ गट आहे. त्याची दारू माझ्यामुळे लागली नाही, माझ्या रडण्याने सुटणार नाही, पण त्याच्या ऑफिसात ‘ताप आलाय’ असं खोटं सांगणं मी बंद करू शकते, इथवर पोहोचायला तिलाही अशा सोबतीची गरज असते. ज्या बाईला स्वतःलाच दारूचा त्रास आहे, तिची वाट सर्वांत अवघड. गावात तिच्या नावाने बोभाटा होईल ही भीती तर असतेच, शिवाय सभेत पंचवीस पुरुष आणि ती एकटी. तिने फोनवरच महिलांच्या सभेची किंवा ऑनलाइन महिला गटाची चौकशी करावी, आणि स्पॉन्सर बाईच घ्यावी. नव्याने आलेल्या हळव्या माणसाशी सलगी करणारे कुठल्याही गटात निघू शकतात. एएत त्याला टोमण्याने ‘तेरावी पायरी’ म्हणतात. तसं जाणवलं तर गट बदलावा, सभा सोडू नये.

एक सभा आवडली नाही म्हणून निकाल देऊ नका. गटागटांत फरक असतो. एकात जुनी खोडं तीच कहाणी घोळवतात, दुसऱ्यात तरुण मुलं असतात. निदान पाच-सहा वेगवेगळ्या सभांना जाऊन मग ठरवा. एएत नव्याला पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद सभा करायला सांगतात. नोकरी, लोकल आणि संसार सांभाळून ते सगळ्यांना जमत नाही; आठवड्याला तीन जमल्या तरी चालेल. आणि तुमचं माणूस सध्या एखाद्या केंद्रात असेल, तर त्याला घरी सोडण्याआधी तिथल्या समुपदेशकाकडून तुमच्या भागातल्या सभेचा वार, वेळ, जागा आणि एका सभासदाचा नंबर लिहून घ्या. तो देता येत नाही असं केंद्र म्हणालं, तर १४४४६ ला त्याच दिवशी फोन करा.